दोन प्रतिष्ठित पंचांसमक्ष

माझा बाप प्रतिष्ठित होता. हे मी म्हणत नाही, सरकार म्हणत होतं, आणि तेही लेखी.

आमच्या पेठेत स्वतःला प्रतिष्ठित म्हणवून घेणारे ढिगानं होते. एकाचं सराफी दुकान होतं. एक हेडमास्तर होते. एकाच्या दारात अँबॅसिडर उभी असायची, आणि ती कधीच सुरू होत नसल्यामुळं तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. पण यातल्या एकाच्याही प्रतिष्ठेला कागदाचा आधार नव्हता. आमच्या आबांच्या होता. आबा नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर सायकली भाड्यानं द्यायचे आणि पंक्चर काढायचे. हात कोपरापर्यंत काळे. तरी पोलिसांच्या कागदावर त्यांच्या नावाआधी तो शब्द यायचा.

त्याचं असं होतं. नदीत कुणी बुडालं, कुणी कुणाला मारलं, कुठं चोरीचा माल सापडला, की पोलिसांना पंचनामा करावा लागतो. कायदा म्हणतो, त्या वेळी त्याच भागातली दोन प्रतिष्ठित माणसं पंच म्हणून समोर हवीत. त्यांनी डोळ्यांनी बघायचं आणि खाली सही करायची. पुढं खटला उभा राहिला की कोर्टात जाऊन सांगायचं, व्हय, मी बघितलं.

आता हा कायदा करणाऱ्याला आमची पेठ माहीत नव्हती. वळणावर जीप दिसली की अख्ख्या रस्त्याला एकदम परसाकडं लागायची. सराफ काउंटरखाली शिरायचा. हेडमास्तरांच्या बाई दारातूनच सांगायच्या, "आंघोळीला बसलेत." एका आंघोळीत त्या माणसानं तीन पंचनामे घालवलेले मी स्वतः बघितलेत; साबणाची अख्खी वडी संपली असेल. आबा मात्र दुकानापुढं घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत बसलेले असायचे. त्यांना पळायला सुचायचं नाही. हवालदार म्हणायचा, "आबा, चला. दोन प्रतिष्ठित पायजेत." दुसरा म्हणून कोपऱ्यावरचा चहावाला धरला जायचा. म्हणजे आमच्याकडं प्रतिष्ठित कोण, तर जो पळाला नाही तो.

आबांना हे कधी पटलं नाही. त्यांना वाटायचं, सरकारनं आपल्याला निवडलंय. ते रॉकेलनं हात धुवायचे, लग्नातला कोट चढवायचे, टोपी नीट करायचे आणि मढं बघायला जायचे. मढ्यापुढं चपला काढायचे. मी तालमीत पोरांना सांगायचो की पंचगंगेतनं निघालेलं मढं आबा आल्याशिवाय डोळं मिटत न्हाई, आणि एकदा तर एका मढ्यानं आबांना बघून हात जोडले. निम्मी तालीम यावर विश्वास ठेवायची. उरलेल्यांना हवालदारानं शपथेवर सांगितलं होतं.

घरी आले की आबा अंगावर पाणी घ्यायचे आणि चुलीपुढं बसून आईला सांगायचे, "आज बी प्रतिष्ठित लिवलं की गं."

"कुणाला? तुमाला का मढ्याला?"

आबा हसायचे नाहीत. काय बघितलं ते मात्र कधी सांगायचे नाहीत. त्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही, एवढंच आम्हाला कळायचं.

मी अठरा-एकोणीस वर्षांचा असेन, त्या सुमारास नदीकाठच्या रस्त्यावर एका चांदीच्या व्यापाऱ्याचा खून झाला. डोक्यात हातोडी घातलेली. त्याच्याकडं हुपरीचा एक तरणा कारागीर पैंजणाचं काम करायचा; दोघांचं आधी भांडण झालेलं लोकांनी ऐकलं होतं. पोलिसांनी त्याला उचललं. चार-आठ दिवसांनी हवालदार दुकानात आला. जीप नाही, गडबड नाही. त्यानं एक कागद काढला आणि आबा जी सायकल दुरुस्त करत होते तिच्याच सीटवर पसरला.

"आबा, सकाळी तुमचं दुकान बंद हुतं. आमी जाऊन आलो. त्या पोरानं हातोडी काढून दिली, घाणेरीच्या झुडपातनं. सही तेवढी करा."

"बघितल्याबिगर?"

हवालदारानं पिशवीतनं पुडकं काढलं, वरचा कागद बाजूला केला. आत हातोडी होती. लहान, कारागिराची.

"ही बघा. बघितली?"

"बघितली."

"झालं की मग."

आबा जरा घुटमळले. पण हवालदार ओळखीचा, कागद रोजच्यासारखा आणि 'प्रतिष्ठित' हा शब्द जागच्या जागी. चहावाल्याची सही आधीच झालेली होती. आबांनी सही केली. सही मात्र अशी वळणदार, की मोडीतला सरदार कागदावर घोड्यावरनं उतरलाय असं वाटावं.

मग वर्षं गेली. कोर्टाची वर्षं फार लांब असतात. तेवढ्यात चहावाला वारला. हवालदाराला बढती मिळून तो जमादार झाला. आणि आक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न ठरवायची वेळ आली.

पेठ वडगावचं स्थळ होतं. कापडाचं दुकान, दुमजली घर, मुलगा बी.कॉम. मध्यस्थानं आम्हाला सांगितलं, "लई प्रतिष्ठित माणसं." आणि त्यांना सांगितलं, "मुलीचा बाप पंच हाय." आता वडगावात पंच म्हणजे देवळाचा पंच, भावकीच्या भांडणात निवाडा करणारा, ज्याच्या पुढं चार माणसं चपला काढून बसतात तो. मुलाचा आजोबा स्वतः तसला पंच होता. पोह्यांची बशी हातात घेऊन त्यानं आबांना विचारलं, "कशाचं पंच तुमी?"

"तसं काय न्हाई. बोलवतील तितं जातो."

"म्हंजे निवाडं करायला?"

"निवाडा आमच्या हातात कुटला? आमी बघायचं आणि सही करायची."

म्हातारा आपल्या मुलाकडं वळला. "बघ. मोठेपणा असा अंगात मुरावा लागतोय."

"सरकारी कागदावर प्रतिष्ठित म्हणून लिवत्यात मला," आबा म्हणाले, कारण त्यांना वाटलं आता सांगायला हरकत नाही. म्हातारा इतका खूश झाला की त्यानं पोह्यांची दुसरी बशी मागून घेतली. आबा खोटं एक अक्षर बोलले नव्हते. सुपारी फुटली. आमच्या घराला आठवडाभर असा काही तजेला आला होता की दुकानातल्या पंक्चर सायकली आपोआप फुगल्या असतील.

आणि समन्स आलं.

पाठोपाठ जमादार आला. "आबा, कागदात लिवलंय तसं बोलायचं. पाठ करून टाका. आरोपीनं आमच्यासमक्ष जागा दाखविली, झुडपातनं हातोडी काढून दिली. चहावाला गेला बिचारा. आता तुमच्यावरच हाय सगळं."

आबा म्हणाले, "बरं." दोन दिवस पंक्चर काढता काढता पुटपुटत होते. आरोपीनं आमच्यासमक्ष. आरोपीनं आमच्यासमक्ष.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आली. हुपरीच्या एसटीनं आलेली, हातात कापडी पिशवी. दुकानापुढं उभी राहून तिनं बोर्ड बघितला, मग आबांकडं बघितलं.

"तुमीच का ते प्रतिष्ठित?"

आबा उठून उभे राहिले. "व्हय. काय काम हुतं?"

"मी त्या पोराची आई. आमच्या वकिलानं सांगितलं, सगळं त्या प्रतिष्ठितावर हाय."

आबांनी मला पाणी आणायला सांगितलं. मला वाटलं, आता ही पाया पडणार, पदर पसरणार. तिनं तसलं काही केलं नाही. पाणी प्याली, तांब्या नीट खाली ठेवला आणि म्हणाली, "त्याला सोडवा म्हणाय मी आली न्हाई. केलं असंल तर भोगंल. मला एवढंच सांगा. हातोडी काढून दिली तवा त्यो रडत हुता का?"

आबांनी हातातला पाना खाली ठेवला.

"त्याला धरल्यापास्नं महिनाभर मला भेटू दिलं न्हवतं. त्या दिशी तुमी त्याला बघितलासा. मारल्यालं दिसत हुतं का? चालता येत हुतं का त्याला?"

"बाई—"

"अंगात शर्ट हुता का? निळा? मी दिल्याला?"

मी आबांना बुडालेली, फुगलेली, माशांनी खाल्लेली माणसं बघून आलेलं पाहिलंय. असा चेहरा कधी बघितला नव्हता. त्यांनी खाली वाकून घमेल्यातलं पाणी उगाच हलवलं.

"ध्यानात न्हाई," ते म्हणाले.

"ध्यानात न्हाई?" ती म्हणाली. "आवो, तुमी बघितलंसा की. कागदावर लिवलंय." तिनं पिशवी उचलली. जाताना रागावली नव्हती, आणि आबांना तेच सोसलं नाही. ती रागावली असती, शिव्या देऊन गेली असती, तर आबांनी ते पाठ केलेलं वाक्य कोर्टात घडाघडा म्हणून टाकलं असतं, असं मला आजही वाटतं.

संध्याकाळी त्यांनी घरात सांगितलं. आई भाकरी थापत होती; तिचा हात थांबला नाही.

"तुमी गेलताच न्हाई तितं?"

"न्हाई."

"मग सही का केलीसा?"

आबांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. आई म्हणाली, "लगीन हुईपर्यंत गप बसा. मग काय बोलायचं ते बोला."

"तारीख आधीची हाय."

"आजारी पडा."

"सगळ्या तारखांना?"

आक्का भिंतीला टेकून गव्हातले खडे काढत बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "आबा, त्या बाईला काय सांगितलंसा?"

"ध्यानात न्हाई म्हणालो."

"मग आता कोर्टात ध्यानात हाय म्हणून कसं सांगशीला?"

आई तिच्यावर खेकसली, "तू बोलू नगंस. तुझ्याच गळ्याला लागणार हाय हे." आक्का पुन्हा खडे काढायला लागली. गव्हात इतके खडे असतील असं मला त्या दिवसाआधी वाटलं नव्हतं.

कोर्टात आबा तोच कोट घालून गेले. मी मागच्या बाकावर होतो. त्यांनी शपथ घेतली, देवळात उभं राहावं तसे उभे राहिले. सरकारी वकिलांनी कागद दाखवला.

"ही सही तुमची?"

"व्हय."

"आरोपीनं तुमच्यासमक्ष झुडपातून हातोडी काढून दिली. बरोबर?"

आबांनी आरोपीकडं बघितलं. तो पोरगा खाली बघत होता. त्याला आबा कोण हेच माहीत नव्हतं. आबाही त्याला जन्मात पहिल्यांदा बघत होते.

"न्हाई, साहेब."

"नीट आठवून सांगा."

"आठवायचं काय त्यात? मी तितं गेलतोच न्हाई. सही माझ्या दुकानात केली. सायकलच्या सीटवर."

सरकारी वकील जज्जसाहेबांकडं वळले आणि रोज बोलायचं तसं बोलून गेले, "साक्षीदार फितूर झाला आहे. उलटतपासणीची परवानगी असावी."

हे वाक्य दुसऱ्या एखाद्या गावात चाललं असतं. कोल्हापुरात कुणाला आईवरनं शिवी द्या, तो दोन थोबाडीत मारून मोकळा होईल आणि संध्याकाळी तुमच्याबरोबर मिसळ खाईल. फितूर म्हणा, तीन पिढ्या तुमच्या दारावरनं जाणार नाहीत. दिवाळीत आम्ही पोरं किल्ले करायचो, मातीचे मावळे मांडायचो. किल्ल्याचा दरवाजा आतनं उघडणारा फितूर व्हायला कुणी तयार नसायचं, म्हणून आम्ही त्या जागी फुटका मावळा ठेवायचो.

आबा वकिलाकडं नाही, थेट जज्जसाहेबांकडं बघून म्हणाले, "साहेब, फितूर नगा म्हणू. चुकला म्हणा. लबाड म्हणा पायजे तर."

जज्जसाहेब चांगले होते. हळू आवाजात म्हणाले, "तो कायद्यातला शब्द आहे, आबा. मनाला लावून घेऊ नका." आणि टाइपरायटरवरच्या माणसानं तो शब्द टाइप केला.

पुढं वकिलानं त्यांना बराच वेळ उभं-आडवं झोडपलं. किती मिळाले, कुणी भेटलं होतं, आरोपीची आई दुकानात आली होती हे खरं का? "आली हुती," आबा म्हणाले, कारण ते खरं होतं. त्यांच्या लक्षातच आलं नाही की या खऱ्यानं त्यांचं आधीचं खरं बुडालं.

दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर बोटभर बातमी. "खून खटल्यातील पंच फितूर." नाव, वय, पेठेसकट. इतकी लहान बातमी मी आयुष्यात बघितली नव्हती आणि ती न वाचलेला माणूसही मला आयुष्यात भेटला नाही. हेडमास्तर चक्क आंघोळीतनं बाहेर आले. दुकानापुढं उभं राहून म्हणाले, "काय हो आबा, आम्ही तुम्हाला असलं समजत नव्हतो." ज्या माणसानं आयुष्यात एका पंचनाम्यावर सही केली नव्हती तो हे बोलला. सराफानं विचारलं, "किती तोळं घातलं मग हातावर?" आबांनी त्याच्या सायकलीत हवा भरून दिली. पैसे मागितले नाहीत, त्यानंही दिले नाहीत.

तो पोरगा सुटला. एक दिवस मेलेल्या व्यापाऱ्याची बायको रस्त्यापलीकडं येऊन उभी राहिली. ओरडली नाही, शिवी दिली नाही. म्हणाली, "त्यानं न्हाई मारलं तर मग कुणी मारलं, ते बी सांगा की." आणि गेली. त्या पोरानं मारलं की नाही हे मला अजून माहीत नाही. आबांनाही नव्हतं. त्यांना फक्त आपण तिथं नव्हतो एवढंच माहीत होतं, आणि तेवढ्यानं कुणाचं भलं झालं असेल तर ते आम्हाला कुणी येऊन सांगितलं नाही. हुपरीची ती बाईसुद्धा पुन्हा आली नाही.

वडगावची माणसं आली. म्हातारा आणि मुलाचा बाप. या वेळी पोहे खाल्ले नाहीत.

"आमी समजलो देवळाचं पंच," म्हातारा म्हणाला.

"मी तसं म्हणालो न्हवतो, पावणं."

"म्हणाला न्हवतासा. पण आमी समजलो ते तुमी बघत बसलासा."

मुलाचा बाप जरा मवाळ होता. म्हणाला, पोरगी आम्हाला पसंत आहे, पोराचं मन बसलंय, मोडायचं नाही. फक्त भावकीत तोंड दाखवायचंय. पत्रिकेवर निमंत्रक म्हणून मुलीच्या थोरल्या चुलत्याचं नाव घाला. कन्यादान चुलता-चुलतीनं करावं. लग्नाच्या गडबडीत कुणाच्या ध्यानात येणार नाही.

आई आतनं म्हणाली, "मग पोरगी बी चुलत्याचीच न्या की."

"आई, मोडू दे," आक्का दारात येऊन म्हणाली. पाहुण्यांसमोर. "आबा, मोडा."

आबांनी तिच्याकडं बघितलंच नाही. "चुलत्याचं घाला," ते पाहुण्यांना म्हणाले. "शोभंल." मग उठून कोपऱ्यातल्या माठातनं तांब्या भरला आणि दोघांना पाणी दिलं.

लग्न वडगावात होतं. चुलता आणि चुलती सोवळ्यात तयार बसले होते. आई बायकांत, कोपऱ्यात. आबांनी सकाळपास्नं मंडपाच्या दारातली कामं धरली होती. ट्रकमधली भांडी उतरव, लांबनं आलेल्यांना पाय धुवायला पाणी दे, मोटारसायकली ओळीत लाव. कोट घातला नव्हता. मी त्यांना चहा दिला तर नको म्हणाले, नाश्त्याच्या बशीलाही हात लावला नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलीच्या बापानं कन्यादान होईपर्यंत पोटात काही घ्यायचं नसतं. त्यांचा उपवास होता. कन्यादान त्यांचं नव्हतं, उपवास तेवढा धरला होता, आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

अक्षतांच्या आधी वाजंत्री, ड्रायव्हर आणि लांबच्या माणसांची एक पंगत उठवून घेतात. वाढपी पोरांवर ओरडत वडगावकडचा एक धिप्पाड माणूस फिरत होता, गळ्यात उपरणं, तोंडात पान. त्याला आबा दिसले. मी पाण्याची कळशी घेऊन चार पावलांवर होतो.

"अवो पावणं! सकाळपास्नं बघतोय, एकटंच राबाय लागलाय. कुणाकडचं तुमी?"

"पोरीकडचा."

"पोरीचं कोण?"

कोर्टात आबांना उत्तर द्यायला असा वेळ लागला नव्हता.

"शेजारी," ते म्हणाले.

"मग शेजाऱ्याला कुटलं सोवळं-ओवळं? बसा, बसा. अक्षता पडल्या की झुंबड उडंल, मग तुमाला कोण विचारणार न्हाई." त्यानं आबांच्या खांद्याला धरून पंगतीत बसवलं, एका बँडवाल्याच्या शेजारी. पत्रावळ पडली. भात आला, आमटी आली. आबा नुसते बघत होते. "अवो जेवा की! का आमच्या वडगावचं जेवाण गोड लागत न्हाई?" सगळी पंगत हसली. त्या माणसानं परातीतनं जिलबी उचलून स्वतःच्या हातानं आबांच्या पानात घातली.

आबांनी माझ्याकडं बघितलं, मग मंडपाकडं. तिथं अंतरपाट धरायची तयारी चालली होती. मला पुढं जाऊन त्या धिप्पाड माणसाला सांगायचं होतं, तोंडभर सांगायचं होतं, असं काही की अख्ख्या वडगावानं पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहावं. आबांनी डोळ्यांनी नको म्हटलं.

मग त्यांनी जिलबी खाल्ली. हळूहळू, सबंध. त्या माणसानं आणखी एक वाढली, तीही खाल्ली.